दिवा जवळ आणला तरी हायड्रिलाचे बुडबुडे २० वर अडले, आकडे चुकलेत का?

फॉल_पिको_रामबाग (इंदूर)

नमस्कार. माझी मुलगी अकरावीत आहे, जीवशास्त्र घेतलंय. तिला प्रोजेक्ट मिळालाय: प्रकाश कमी-जास्त केला तर पाणवनस्पतीच्या प्रकाशसंश्लेषणाचा वेग किती बदलतो. मी स्वतः दहावीपर्यंत शिकलेली. घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. पण प्रयोग माझ्या शिवणाच्या टेबलावरच झाला आणि मोजायला मीच शेजारी बसले, तेव्हा आता तो जितका तिचा तितकाच माझाही झालाय. म्हणून विचारते आहे. थोडं लांब लिहीन, कारण कुठली गोष्ट महत्त्वाची आणि कुठली नाही हे मला कळत नाही.

इंदूरजवळ राऊ गावाकडे नणंदेचं शेततळं आहे, तिथून हायड्रिला ही पाणवनस्पती आणली. हिरवीगार, टवटवीत. त्यातली साधारण सहा सेंटीमीटरची फांदी पाण्यातच तिरकी कापली. कापलेलं टोक वर ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला शिवणयंत्राची जुनी लोखंडी बॉबिन दोऱ्याने बांधली, म्हणजे फांदी तरंगत नाही. लोणच्याची गोल काचेची बरणी, अर्धा लिटर पाणी. पाणी स्वच्छ असावं म्हणून आरओचं घेतलं. टेबलावर माझी मापाची टेप चिकटवली आणि १०, १५, २०, ३०, ४० सेंटीमीटरवर खडूने खुणा केल्या. दिवा म्हणजे यांच्या दुकानाच्या पाटीवरचा २० वॅटचा एलईडी फ्लडलाइट. खिडकीला अस्तराचं काळं कापड लावलं, सगळं रात्रीच केलं. दिवा हलवला की पाच मिनिटं थांबायचं, मग कापलेल्या टोकातून येणारे बुडबुडे एकेक मिनिट असे तीनदा मोजायचे. वेगाने यायला लागले तेव्हा मी तोंडाने मोजायचं सोडलं आणि प्रत्येक बुडबुड्याला कागदावर एक ठिपका दिला, नंतर ठिपके मोजले.

मिनिटाला आलेले बुडबुडे, तिन्हींची सरासरी: ४० वर ३, ३० वर ६, २० वर १५, १५ वर १९, १० वर २०.

शाळेत दाखवलं तर उत्तर मिळालं की आकडे चुकलेत, अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो, मग बुडबुडेही त्या हिशेबाने चढायला हवेत, परत करून आणा. परत केलं. ३, ६, १४, १९, २०. त्या रात्री मुलगी म्हणाली, "आई, १० वर ६० लिहून टाकते, कोणाला कळणार आहे." मी तिच्या हातातून वही काढून घेतली. मला रागही आला आणि वाईटही वाटलं, कारण आम्ही दोघी दोन दोन तास त्या बरणीसमोर बसलो होतो.

अजून एक. फ्लडलाइटच्या आधी आम्ही १०० वॅटच्या पिवळ्या बल्बवर करून पाहिलं होतं. तेव्हा १० सेंटीमीटरवर ३१ बुडबुडे आले होते. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरिंगच्या मुलाचं म्हणणं असं की वनस्पतीला पिवळा उजेडच मानवतो, एलईडी काढून टाका. असं असतं का?

माझे प्रश्न तीनच. २० बुडबुड्यांवर का अडतं? पिवळ्या बल्बचं खरं का? आणि मुलीने वहीत काय लिहावं?

मत्स्यटाकी_सुदामानगर (इंदूर)

ताई, सविस्तर उत्तर कोणी जाणकार देईलच, मी बारा वर्षं झाडांच्या टाक्या सांभाळतोय त्या अनुभवावर एवढंच विचारतो. तुमच्याकडे बोरिंगचं पाणी येतं का? आरओच्या पाण्यात मी कधीच झाडं ठेवत नाही, वाढ खुंटते. आम्ही टाकीवाले पानांवर बुडबुडे आले की त्याला पर्लिंग म्हणतो. आरओच्या पाण्यात कितीही दिवे लावा, पर्लिंग जेमतेम होतं.

दुसरं, पिवळा बल्ब बंद केल्यावर बुडबुडे लगेच थांबले का चालू राहिले? आणि बरणीच्या आतल्या काचेवर बारीक बुडबुडे चिकटले होते का?

फॉल_पिको_रामबाग (इंदूर)

दादा, बोरिंग आहे ना, सोसायटीचं. धुण्या-भांड्याला तेच वापरतो, बादलीला पांढरा थर बसतो. पिण्याला नर्मदेचं पाणी, तेही आरओतून.

पिवळ्या बल्बचं तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. बल्ब बंद केला तरी दोन-तीन मिनिटं बुडबुडे येत होते. आणि हो, काचेला आतून बारीक बारीक बुडबुडे होते, चमच्याने झटकले तर वर गेले. पाणीही कोमट झालं होतं. मुलीने तापाचं थर्मामीटर घातलं तर आकडा आलाच नाही, मग दुधाचं थर्मामीटर शेजारून आणलं: सुरुवातीला २६ होतं, पंधरा मिनिटांनी ३४.

बडोद्याचा_प्रयोगशाळावाला (वडोदरा)

ताई, मी बडोद्याला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी हायड्रिला आणून निवडायची, नळ्या-नरसाळी मांडायची, हे माझं काम. हजारो मुलांचे बुडबुडे पाहिलेत. तुमचे आकडे वाचले आणि आधी सांगतो: एकही आकडा बदलू नका. ३, ६, १५, १९, २० ही मला कित्येक वर्षांत दिसलेली सगळ्यात स्वच्छ नोंद आहे. आणि परत केल्यावर पुन्हा तेच आले, म्हणजे तुमचं मोजणं पक्कं आहे.

आता कारण. पान उजेडात साखर बनवतं आणि ऑक्सिजन बाहेर सोडतं, तुमचे बुडबुडे त्याचेच. त्याला प्रकाश लागतो आणि कार्बन डायऑक्साइड लागतो. जमिनीवरच्या झाडाला तो हवेतून मिळतो. पाण्यातल्या फांदीला पाण्यात विरघळलेलाच घ्यावा लागतो, आणि पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. पानाला लागून जे पाणी असतं त्यातला साठा संपला की मागून पुरवठा यायला वेळ लागतो. हायड्रिला त्यावर एक तोड काढते, ती पाण्यातलं बायकार्बोनेट, म्हणजे क्षाराच्या रूपात विरघळलेला कार्बन, तेही वापरू शकते. बोरिंगच्या जड पाण्यात ते भरपूर असतं. तुमच्या बादलीवरचा पांढरा थर त्याच्यापासूनच होतो. आरओने नेमकं तेच काढून टाकलं. तुम्ही प्यायला उत्तम पाणी दिलंत, पण फांदीच्या दृष्टीने ती ताटात काहीच नसलेली पंगत झाली.

म्हणून ४० पासून २० पर्यंत प्रकाशाची टंचाई होती, प्रकाश वाढवला की काम वाढत गेलं. २० च्या अलीकडे टंचाई प्रकाशाची राहिलीच नाही, कार्बन डायऑक्साइडची झाली. तिथे दिवा कितीही जवळ आणा, वेग तिथेच. हे केंब्रिजच्या ब्लॅकमनने १९०५ मध्ये नियम म्हणून मांडलं: अनेक गोष्टी लागणारं काम त्यातल्या सगळ्यात तोकड्या गोष्टीच्या वेगाने चालतं. अकरावीच्या पुस्तकात हे आहे, मुलीला पान उघडायला सांगा, शाळेत तेच पान दाखवा. आणि त्याच्याही खूप आधी, १७७९ मध्ये, इंगेनहाउसने पानं पाण्यात बुडवून पाहिलं होतं की उन्हात बुडबुडे येतात, अंधारात येत नाहीत, आणि फक्त हिरव्या भागातून येतात. तीनच वर्षांनी जिनिव्हाच्या सेनेबिएने दाखवलं की त्यासाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड असावा लागतो. तुमच्या लोणच्याच्या बरणीत हे दोघेही आहेत.

पिवळ्या बल्बचं. मत्स्यटाकीवाल्यांनी बरोबर नस पकडली. पाणी २६ चं ३४ झालं. गरम पाण्यात वायू कमी मावतात, आधीपासून विरघळलेली हवा बाहेर पडते, फांदीच्या आतल्या पोकळीतली हवाही फुगते. काचेवर जे बारीक बुडबुडे चिकटले ते काही काचेने प्रकाशसंश्लेषण करून सोडलेले नव्हते. दिवा विझल्यावरही येत राहिले ते याच कारणाने. पिवळ्या बल्बमध्ये लाल प्रकाश जास्त असतो आणि तो पानाला चांगला चालतो, एवढं त्या मुलाचं म्हणणं खरं आहे. पण १०० वॅटच्या साध्या बल्बचा १० सेंटीमीटरवरचा उजेड तुमच्या फ्लडलाइटच्या २० सेंटीमीटरवरच्या उजेडापेक्षा कमीच भरेल. लाल प्रकाशाची सूट धरली तरी फार तर १५-१६ बुडबुडे यायला हवे होते. वरचे पंधरा उष्णतेचे. ती मालिका वहीत ठेवा, पण वेगळ्या पानावर आणि शेजारी तापमान लिहून.

एक दुरुस्ती मात्र करा. अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट हा नियम बिंदूएवढ्या दिव्यासाठी आहे. तुमचा फ्लडलाइट वीतभर रुंद आहे, तो १० सेंटीमीटरवर बिंदू कसा राहील? तिथे हिशेबापेक्षा कमीच वाढ होते. फोनमध्ये लक्स, म्हणजे उजेडाचं माप, दाखवणारं ॲप मिळतं. प्रकाश मोजणारा डोळा फोनच्या वरच्या बाजूला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. बरणीच्या जागी फोन दिव्याकडे तोंड करून उभा धरा आणि प्रत्येक खुणेवर आकडा घ्या. तो आकडा अगदी खरा असेलच असं नाही, पण आपापसात तुलनेला पुरतो. आलेख अंतरावर नको, त्या आकड्यावर काढा. आणि गोल बरणी भिंगासारखी उजेड एका जागी गोळा करते, सपाट बाजूंचा डबा किंवा चौकोनी बरणी मिळाली तर बरं.

मग असं करा. आरओच्याच अर्धा लिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. तो सोडा म्हणजे बायकार्बोनेटच. खाण्याचाच, बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल मिसळलेलं असतं आणि ती पाण्यात स्वतःच फसफसते, सगळं मोजणं बिघडेल. तीच फांदी, टोक नव्याने किंचित कापून. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग पुन्हा पाचही अंतरं मोजा, आणि शेवटी परत २० वर येऊन बघा की आधीचाच आकडा येतो का. फांदी थकली असेल तर तिथे कळतं. मी आकडे आधीच सांगत नाही. पण मुलीला विचारा की ४० वर काय होईल असं तिला वाटतं. तिचा अंदाज मोजायच्या आधी कागदावर लिहून घ्या.

फॉल_पिको_रामबाग (इंदूर)

काका, मनापासून आभार. तुमचं उत्तर मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. "एकही आकडा बदलू नका" हे वाक्य तिने स्वतः दोनदा वाचलं.

मधे लग्नसराईचं काम आलं म्हणून उशीर झाला. आता सांगते.

फोनचे आकडे आधी: ४० वर ४,०००, ३० वर ७,०००, २० वर १५,५००, १५ वर २६,०००, १० वर ४८,०००. तुम्ही म्हणालात तसंच झालं, २० वरून १० वर आणलं तर चौपट नाही, तिप्पटच.

मुलीचा अंदाज होता की सोड्याने सगळीकडेच बुडबुडे दुप्पट होतील. मलाही तसंच वाटलं होतं. खरं आलं ते असं: ४० वर ३, ३० वर ६, २० वर १६, १५ वर २७, १० वर ४१. परत २० वर नेलं, १६. तिसऱ्या दिवशी बोरिंगच्या पाण्यात तीनच अंतरं केली, ४० वर ३, २० वर १६, १० वर ३१.

काका, ४० आणि ३० वर सोडा घालून काहीच फरक पडला नाही! मी तिथेच अडून बसले. जवळ फरक पडतो आणि लांब का नाही, हे मुलगी मला समजावत होती, "तिथे प्रकाशच कमी आहे ना आई." ते शब्द कळत होते, पण डोक्यात बसत नव्हतं. मग मशीनवर बसले होते तेव्हा बॉबिनचा दोरा संपला. वर रीळ भरलेलं, मोटर जोरात चालते आहे, कापड पुढे सरकतंय आणि टाका एकही नाही. आणि उलटही होतं, बॉबिन भरलेली असते पण वरचा दोरा तुटतो. टाका पडायला दोन्ही लागतात, आणि जो आधी संपतो तो मशीन थांबवतो. दुसरा किती शिल्लक आहे याने काही होत नाही. ४० वर वरचा दोरा कमी होता, तिथे मी बॉबिन भरत बसले तर टाके कसे वाढणार? हे मी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, हे मी वहीत लिहू का. मी म्हटलं लिही.

आता एकाच आलेखावर तीन रेषा आल्यात. २० पर्यंत तिन्ही एकमेकींवर बसतात, नंतर फाटे फुटतात. आरओची आडवी होते, बोरिंगची मधून जाते, सोड्याची वर. तीही १० जवळ थोडी वाकायला लागली आहे असं दिसतं. ते बरोबर का?

अजून एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी दिवा लावून अर्धा तास एकही बुडबुडा आला नव्हता, आम्हाला वाटलं फांदी मेली. ते कशाने?

ग्वाल्हेर_एमएससी

ताई, तुमची मोजणी वाचून छान वाटलं. मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करतो आहे, ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतो. एक शंका मांडतो, चूक काढतो आहे असं समजू नका. बुडबुडे मोजताना सगळे सारख्याच आकाराचे धरले जातात. वेग वाढला की बुडबुडा लहानही होऊ शकतो किंवा मोठाही. कापलेल्या टोकावर ते अवलंबून असतं. शिवाय बुडबुड्यात शुद्ध ऑक्सिजन नसतो, पाण्यातला नायट्रोजनही त्यात येतो. म्हणून शक्य असेल तर आकारमान मोजा. औषधाच्या दुकानात सुईशिवाय १ मिलीची सिरिंज मिळते. तिचं टोक बंद करून पाण्याने भरून फांदीवर उलटी धरली तर वर जमलेला वायू सरळ वाचता येतो. २० आणि १० या दोन अंतरांवर केलंत तरी पुरे.

बडोद्याचा_प्रयोगशाळावाला (वडोदरा)

ग्वाल्हेरकरांचं म्हणणं योग्य आहे आणि सिरिंज स्वस्तात होते, जरूर करा. आम्ही नरसाळं आणि परीक्षानळी वापरत असू, त्यात नळी भरायला दुपार जायची. भरली की धुमसती उदबत्ती आत घालायची. ती भडकून तेजाळली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. तुमच्याकडे एवढा वायू जमला तर तेही करून बघा.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पहिला अर्धा तास बुडबुडे नव्हते कारण फांदीने सोडलेला ऑक्सिजन आधी पाण्यातच विरघळत होता. २५ अंशांच्या एका लिटर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवेबरोबर समतोलात राहतो. आजूबाजूचं पाणी तृप्त झालं की मग बुडबुडा धरतो. म्हणून सुरुवातीचा अर्धा तास कधी मोजायचा नाही.

सोड्याची रेषा वाकते आहे हे तुमच्या डोळ्याला बरोबर दिसलं. कार्बन पुरेसा झाला तरी पानातली यंत्रणा स्वतःही काही वेगापलीकडे जाऊ शकत नाही. तिथे मग ना प्रकाश उपयोगी ना सोडा. त्याहून प्रखर उजेडात, गच्चीवरच्या भर दुपारच्या उन्हात वगैरे, वेग उलट घसरतोही, कारण जास्तीच्या प्रकाशाने पानालाच इजा होते.

हायड्रिलाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दाट वाढलेल्या तळ्यात उन्हाळ्यात दुपारपर्यंत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ संपतो आणि ऑक्सिजन साचतो. बाकीची पाणझाडं तिथे हतबल होतात. हायड्रिला मात्र काही दिवस अशा उबदार, उपाशी पाण्यात राहिली की आपली पद्धतच बदलते आणि मका-ऊस ज्या प्रकारे कार्बन आधी साठवून मग वापरतात तसं करायला लागते. मक्याला त्यासाठी पानात दोन प्रकारच्या पेशी लागतात. हायड्रिला ते एकाच पेशीत करते. पहिल्यांदा मला आमच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्या दिवशीच्या उरलेल्या फांद्या फेकल्या नाहीत, बादलीत ठेवून घरी नेल्या.

आता एक शेवटचं काम देतो, कराल तर आनंद होईल. तुमचे पहिले तीन बिंदू फोनच्या आकड्यांवर मांडा: ४,००० ला ३, ७,००० ला ६, १५,५०० ला १५. जवळजवळ सरळ रेषा आहे. पट्टी ठेवून ती खाली वाढवा. ती शून्य प्रकाशापाशी शून्याला मिळत नाही. आधीच, साधारण १,००० जवळ, आडव्या अक्षाला टेकते. म्हणजे दिवा चालू असतानाही बुडबुडे शून्य. झाड श्वासही घेत असतं, त्यात ऑक्सिजन खर्च होतो. मंद उजेडात जेवढा बनतो तेवढा खर्चून जातो, बाहेर काही उरत नाही. फोनवर १,००० दाखवेल अशा जागी दिवा न्या, तुमच्या हिशेबाने तो ८० सेंटीमीटरच्या आसपास असेल, आणि दहा मिनिटं बघत बसा. बुडबुडा न येणं म्हणजे नेमका तोच जमाखर्चाचा बिंदू असं छातीठोक म्हणता येत नाही, थोडा ऑक्सिजन पाण्यात विरघळूनही जातो. पण जागा जवळची कळेल.

आणि हे माप लक्षात ठेवा. भर दुपारचं ऊन साधारण एक लाख लक्सचं असतं. त्याचा शंभरावा भाग म्हणजे १,०००. तळ्यात किंवा समुद्रात पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या १ टक्का प्रकाश जिथवर पोचतो, ढोबळमानाने तिथवरच हिरव्या जीवांचं भागतं, असं मानतात. त्याखाली खर्च जास्त, मिळकत कमी. गढूळ तळ्यात ही रेषा हात-दोन हातांवर असते, नितळ समुद्रात शंभर मीटरच्याही खाली जाते.

फॉल_पिको_रामबाग (इंदूर)

काका, सिरिंजचं झालं. सोड्याच्या पाण्यात २० आणि १० वर मोजलं, वायूही अडीच पट भरला, बुडबुड्यांच्याच प्रमाणात. ग्वाल्हेरच्या दादांना सांगा, त्यांची शंका मुलीने "अचूकतेसाठी" म्हणून प्रोजेक्टमध्ये लिहिली आहे.

८० चं काल रात्री केलं. टेबल पुरत नव्हतं, दिवा मशीनच्या स्टुलावर ठेवून मागे नेला. फोनवर ९५० ते १,०५० असा हलत होता. आम्ही दोघी समोर बसलो. कापलेल्या टोकावर एक बुडबुडा आला आणि तिथेच बसला. मोहरीएवढा. तीन मिनिटं झाली, पाच झाली, तसाच. लहान होत नाही, मोठा होत नाही, सुटत नाही. दिवा लागलेला, फांदी हिरवी, सगळं चालू आहे आणि बाहेर काही येत नाही. मुलीने दिवा ७० वर आणला तर जरा वेळाने तो सुटला आणि मागून दुसरा धरला. परत ८० वर नेला, दुसरा तिथेच थांबला. मग ती मला म्हणाली, आई आता १०० वर नको नेऊस, बिचारी उपाशी राहील. मी लगेच दिवा जवळ आणला.

शाळेत आलेख दाखवला. पुस्तकातलं पान आणि आमच्या तीन रेषा शेजारी शेजारी ठेवल्या. बराच वेळ बघितलं आणि ४० वरच्या तीन बुडबुड्यांबद्दल विचारलं, मुलीने बॉबिनचं सांगितलं. प्रोजेक्ट ठेवून घेतला आहे.

एक विचारायचं राहिलं. फांद्या उरल्यात, बादलीत टाकल्या होत्या त्यांना पांढरी मुळं फुटली आहेत. सिरपूरला फिरायला जातो तेव्हा तलावात सोडून देऊ का? टाकवत नाहीत.

मत्स्यटाकी_सुदामानगर (इंदूर)

ताई, सिरपूरमध्ये अजिबात सोडू नका. तो तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, तिथलं पाणी, तिथले पक्षी, सगळ्याचा एक तोल आहे. बाहेरून आणलेल्या फांदीबरोबर गोगलगायींची अंडी, शेवाळ, काय काय जातं. आणि हायड्रिलाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, पानांचं एक वळं असलेला, पुरतो. अमेरिकेत ती १९५० च्या दशकात टाक्यांच्या धंद्यातून फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या तळ्यांमध्ये आज ती काढून काढून लोक थकलेत. नाल्यातही टाकू नका.

नणंदेच्या शेततळ्यातलीच आहे, तर साध्या पाण्याने दोनदा धुऊन तिथेच परत सोडा. किंवा ठेवायचीच असेल तर पसरट टब घ्या, तळाला दोन बोटं माती, बोरिंगचं पाणी, गच्चीत अशा जागी की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल. डास होऊ नयेत म्हणून चार गप्पी मासे लागतील. ते माझ्याकडे खूप झालेत, रविवारी सकाळी दहाच्या आत आलात तर पिशवीत भरून देतो. मुलीलाही आणा, टाकीतलं पर्लिंग बघायला तीच वेळ चांगली.